मामंजींच्या मोरांना जागा

आमच्या सोलापूरच्या घरात मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. चादरीवरची नक्षी तो यंत्रमागाला पुरवतो. इतका जुना, की भंगारवाल्यानंही तोंड वाकडं केलं होतं. पण मागाला जोडणारं कार्ड त्याच्यातच बसतं, म्हणून तो आमच्या बोकांडी. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यभर हातानं काढलेली मोर-वेलींची नक्षी स्कॅन करून त्यातच ठेवलेली. मूळ कागद वाळवीनं कधीच खाल्ले.

डिस्क गच्च भरलेली. नवी नक्षी ठेवायची तर जुनी पुसायची. असे दोन मोर गेले आणि मामंजींनी पेन्सिलच खाली ठेवली. "पुसायचंच हाय, तर काडायचं कशाला?" म्हणायचे. मला त्या डबड्याचा भयंकर राग यायचा.

यंदा डिस्क कुरकुरायला लागली. मोर उडण्याआधी नवी आणावी म्हणून बाजारात गेले, तर हल्ली लहान डिस्क मिळतच नाही. जोडणीचा तुकडा लावून अवाढव्य डिस्क बसवली, तर डबडं सुरूच होईना. शेवटी नणंदेला बोलावलं. वन्सं कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. एरवी चहातल्या साखरेवरूनही भांडतील, पण यंत्रापुढे बसल्या की आवाज नाही.

यंत्र सुरू करणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला डिस्कची सुरुवातच तेवढी दिसते. म्हणून त्यांनी तिथंच छोटा कप्पा केला आणि त्यात कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ठेवला. तो एकदा जागा झाला की पुढची डिस्क स्वतःच बघतो. त्या म्हाताऱ्या यंत्राला पेलावा म्हणून तोही त्यांनी नको ते भाग छाटून घरीच बांधलेला.

स्क्रीनवर सगळी जागा दिसली. मी टाळ्या वाजवल्या.

"झालं की! टाक मोर," मामंजी म्हणाले. "माग उभा हाय."

"थांबा नाना," वन्सं वडिलांना म्हणाल्या. "नुसतं दिसून चालत न्हाय. जागेचा मोठा आकडा गाभ्याच्या हिशेबात मावला न्हाय, तर शेवटी लिहिलेलं गुपचूप डिस्कच्या सुरुवातीला येऊन पडतं. मोरावर मोर."

त्यांनी आधी कप्प्यापासून टोकापर्यंत नुसते निरर्थक आकडे भरले. त्याला इतका वेळ लागला, की मामंजी येरझाऱ्या घालून दमले. मग वन्संनी सुरुवात तपासली. ती तुडवली गेली होती! मोर टाकले असते तर आम्हाला पत्ताही लागला नसता. वन्सं मात्र चिडल्यासुद्धा नाहीत. गाभ्यातला हिशेब दुरुस्त केला, गाभा पुन्हा बांधून कप्प्यात ठेवला आणि डिस्क पुन्हा टोकापर्यंत भरायला घेतली. एवढा धीर मी स्वयंपाकातही ठेवलेला नाही. त्या दिवशी मला या बाईचा फार अभिमान वाटला.

या वेळी सुरुवात जशीच्या तशी होती. मग आकडे पुसून मोर, वेली, कोयऱ्या एकेक करून नव्या डिस्कवर आले.

"आता उरली किती जागा?" मामंजींनी विचारलं.

"सगळीच म्हणा की, नाना. तुमचं सगळं काम एका कोपऱ्यात मावलं."

मामंजींनी स्क्रीनवरच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. मग माझ्याकडे वळले.

"सूनबाई, माजी पेन्सिल कुटं ठेवलीस?"