बारा ते दोनचा पहारा

"टेकवली! टेकवली! आरं, इणा टेकवली पोरानं!"

देवळाच्या ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेले ऐंशीच्या घरातले बाबा असे काही ओरडले, की जवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणींनी तो आवाज नक्की पकडला असणार, आणि तो कुठल्या ताऱ्यावरून आला ते तिथले शास्त्रज्ञ अजून शोधत असणार. मी तरी काय केलं होतं? गळ्यातल्या वीणेचा भोपळा दानपेटीवर ठेवला होता, दोन्ही हात मोकळे व्हावेत म्हणून.

"खाली कुठं ठिवलीय, बाबा? पेटीवर हाय."

"पेटी काय आभाळात हाय व्हय? सात दिस इणा कुठं टेकत नसती. ह्याच्या गळ्यातनं त्याच्या गळ्यात. उचल!"

उचलली.

गावात सप्ताह चालू होता. देवळाच्या भिंतीवर खडूनं घरोघरचे पहारे लिहिलेले. आमच्या घराचा रात्री बारा ते दोन. वडील टोमॅटोची गाडी घेऊन बाजाराला गेलेले, म्हणून वीणा माझ्या गळ्यात. आणि त्याच सकाळी दहाच्या आत कॉलेजात पर्यावरणाचा प्रकल्प द्यायचा होता. गावातल्या वीस विहिरींची पाहणी, प्रत्येकीचं एक पान. दहाला यादी बंद. नाव नसेल त्याचा विषय राहिला. महिनाभर वेळ होता, हे कबूल. पण त्या महिन्यात मी एकट्यानं अर्ध्या तालुक्याचे टोमॅटो तोडले, निदान आमचे तरी तोडले, आणि सप्ताहाच्या एवढ्या पंगती वाढल्या की झोपेत पण हात भाताच्या घमेल्यात. विहिरी पाहून झाल्या होत्या, म्हणजे लांबून. लिहायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

दोन वाजले. पुढचा पहारा शेजारच्या भाऊंचा. भाऊ नाहीत. तीन वाजले, भाऊ नाहीत. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती आणि भाऊ कांद्याला पाणी देत होते. देव थांबतो, लाईट थांबत नाही. बाकीचे टाळकरी मंडपात आडवे झालेले. जागे आम्ही दोघंच, मी आणि ओट्यावरचे बाबा.

मग मी एका हातानं तार छेडत, दुसऱ्या हातानं पेटीवर कागद ठेवून उभ्यानं लिहायला लागलो. सातवी विहीर, खोली चाळीस फूट. डोळा लागला. दचकून बघतो तर शून्यं वाढत वाढत विहीर पाताळाच्या खाली गेलेली. खोडली. पाय असे जड, की गळ्यात वीणा नाही, दारातला नंदी अडकवलाय. जरा तार थांबली की बाबा मांडीवरचा टाळ वाजवायचे.

"झोपलास?"

"न्हाई."

"मंग सूर कुठं गेला?"

साडेपाचला भाऊ आले, गुडघ्यापर्यंत चिखलात.

"लाईट आत्ता गेली, राव. लई येळ झाला का?"

पाय धुऊन त्यांनी वीणा घेतली. आठ विहिरी बाकी होत्या आणि सहाची एसटी होती. म्हटलं, खांबाला दोनच मिनिटं पाठ लावू. ऊन तोंडावर आलं तेव्हा आठ वाजून गेलेले.

कांद्याच्या पिकअपमधून आळेफाट्यापर्यंत गेलो, गोण्यांवर बसून विहिरी लिहीत. प्रत्येक खड्ड्याला एक रेघ वाकडी. पुढं दुसरी गाडी मिळेपर्यंत साडेदहा झाले. कॉलेजात पोचलो अकराला, तरी दोन विहिरी कोऱ्याच. सरांनी बंद केलेली यादी माझ्यापुढं धरली आणि चष्मा पुसायला घेतला. विषय राहिला. पुन्हा पुढच्या वर्षी.

त्या रात्रीचे तास मी पुढं सांगताना पुष्कळ वाढवले. पण संध्याकाळी देवळापाशी उतरलो तेव्हा वाढवून सांगण्याएवढीही ताकद अंगात नव्हती. बाबा ओट्यावर तिथंच बसलेले.

"बाबा, रातभर तुमी जागंच व्हता. तासभर इणा तुमच्या गळ्यात घातली असती, तर माझं काम झालं असतं."

"मागितली न्हाईस," बाबा म्हणाले.