जनाअक्काची साक्ष

प्रतिवादीचे वकील साक्षीची माझीच नोंद मला वाचून दाखवत होते. "साहेब, वादी स्वतः सांगते, 'बांधावर जाण्यास मला मनाई आहे.' खाली अंगठा आहे. आणखी काय हवं?"

दाराशी उभे शिपाई हिरामणभाऊ हसले. माझं डोकंच फिरलं.

ऐंशीच्या दशकाची अखेर. मी साक्रीला दिवाणी न्यायाधीश होतो. मूळचा साताऱ्याचा. वादी, म्हणजे दावा लावणारी, जनाअक्का. शेजारी तिच्या बांधावरची मोहाची झाडं तोडायला निघाला होता. त्याला रोखणारा मनाई हुकूम तिला हवा होता. सहा वर्षं नुसत्या तारखा. कधी वकील दुसऱ्या कोर्टात, कधी टायपिस्ट रजेवर. एकदा तर मोजणीचा नकाशाच सापडेना. आता कुठे युक्तिवाद सुरू झाला, तर हे.

मधल्या सुट्टीत हिरामणभाऊंना चेंबरमध्ये बोलावलं.

"हसायला काय झालं?"

"माफ करा साहेब. अक्का तसं बोललीच नव्हती. 'बांध मना शे' म्हणाली होती."

"मग? मना म्हणजे मनाईच ना?"

"आमच्याकडे मना म्हणजे माझा, साहेब. बांध माझा आहे, असं."

"आणि साक्ष होऊन आठ महिने झाले, तुम्ही गप्प?"

"तुम्ही सांगत होता, टायपिस्ट टाइप करत होता. मी मध्ये कसा बोलू?"

साक्षीदार बोलतो ते न्यायाधीश नीटनेटक्या मराठीत टायपिस्टला सांगतो. तोच कागद पुढे पुरावा. मनाईच्या दाव्यात मला मनाईच ऐकू आली. नोंद तिला वाचून दाखवताना मी घाईत होतो, आणि तिचे वकील बाहेर दुसऱ्या पक्षकाराशी बोलत होते.

साक्षीदाराला पुन्हा बोलवायचा अधिकार कोर्टाला असतो. मी तो वापरला. प्रतिवादीचे वकील ताडकन उठले. "साहेब, ही तर तिला साक्ष सुधारायची संधी!"

"चूक तिची नाही. माझी आहे. तसं लिहून घ्या."

भरल्या कोर्टात हे बोलताना कान तापले.

पुढच्या तारखेला अक्का पिंजऱ्यात उभी राहिली. बांध कोणाचा, विचारलं. ती भडकली. "बांध मना शे! कितला येळा सांगू?"

या वेळी तिचेच शब्द टाइप करायला लावले, खाली अर्थ. उलटतपासणी तासभर चालली. ती हलली नाही. नकाशाही तिच्याच बाजूनं निघाला. मी हुकूम दिला. शेजारी धुळ्याला अपिलात गेला आणि हरला. पण तिथल्या निकालात एक ओळ होती : साक्ष नोंदवताना खालच्या कोर्टानं अधिक काळजी घ्यायला हवी होती. ती माझ्या नोकरीच्या गोपनीय अहवालात गेली.

माझ्या निकालाच्या दिवशी अक्का खूश होईल असं वाटलं होतं. तिनं हिरामणभाऊंना विचारलं, "मंग सहा वरीस कथा गयात?" सहा वर्षं कुठे गेली? ते माझ्याकडे बघायला लागले. मी पुढची फाइल उघडली.

त्यानंतर जिथे बदली झाली तिथे, शब्द अडला की मी साक्षीदाराला थांबवून अर्थ विचारायचो. त्यानं कामाला उशीर होतो, अशी वकिलांची तक्रार असायची. फार तर दोन मिनिटांचा.