पाणीवाले तात्या आणि हिरवे कार्ड

पाणीवाले तात्या गावाला पाणी सोडण्याआधी स्वतः एक घोट प्यायचे. टाकीखालच्या नळाला ओंजळ लावायची, घोट तोंडात घोळवायचा आणि मगच व्हॉल्व्हची चावी फिरवायची. पंचायतीने त्यांना पाणी सोडायला नेमले होते, चाखायला नाही. पण "आधी आपुन, मग गाव" हा त्यांचा नियम. पुढारीही हाच नियम पाळतात, फक्त वेगळ्या बाबतीत. मी तेव्हा सरपंच होतो, म्हणून अनुभवाने सांगतो.

राजुरीच्या सोयऱ्यांकडे लग्नाला गेले, तरी जेवणाआधी पाण्याची चौकशी. "पावणं, हे बोरचं का हिरीचं?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःच सांगायचे. पाण्यात उतरलेले खत आपल्या जिभेला कळते, असा त्यांचा दावा होता. आम्ही हसायचो.

माझ्या हसण्याचे कारण निराळे होते. गावाच्या विहिरीच्या वरच्या अंगाला माझा टोमॅटोचा प्लॉट होता. नारायणगावच्या बाजारात माझ्या मालाला नाव होते. ते मिळवले होते खताच्या गोण्यांनी आणि सततच्या फवारणीने. घरच्या भाजीसाठी मात्र बांधाकडेच्या दोन सऱ्या बिनफवारणीच्या. आमच्याकडे बहुतेक जण तशा ठेवतात, त्यात कोणाला वावगे वाटत नाही. तात्यांना वाटले. "भाऊ, घरच्या सऱ्यांला फवारा न्हाई, आन् गावाच्या हिरीला चुकत न्हाई. लई न्याव हाय राव!"

तपासणीसाठी पाण्याची बाटली तात्याच भरून न्यायचे. एका वर्षी अहवाल आला: खतातून उतरणारे नायट्रेट जास्त, पाणी पिण्यास अयोग्य, तान्ह्या मुलांना विशेष धोका. फेरतपासणीतही तेच आले, तर पंचायतीला धोकादायक पाण्याचे लाल कार्ड आणि सगळ्यांचे बोट माझ्या प्लॉटकडे. मी तात्यांना घरी बोलावले, चहा पाजला आणि सांगितले, पुढची बाटली डोंगराकडच्या माझ्या बोअरवर भरा.

"मंजी गाव पिनार एका जागचं, आन् बाटलीत दुसऱ्या जागचं?"

"तपासणीपुरतंच, तात्या. विहिरीचं बघू नंतर."

नोकरी माझ्या हातात होती. त्यांनी बाटली भरली. हिरवे कार्ड आले, मी ते फ्रेम करून ऑफिसात लावले. तात्या त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाटली पास झाली. आता गाव तेवढं ऱ्हायलं."

पुढे वर्षानुवर्षे बाटली बोअरवरच भरली गेली. माझ्या घरी फिल्टर बसला. तात्या रोज सकाळी विहिरीचाच घोट घेत राहिले.

मग नव्या सरपंचबाई आल्या. त्यांनी तपासणीची माणसे थेट विहिरीवर नेली. लाल कार्ड मिळाले. ग्रामसभेत गदारोळ झाला. जुन्या सगळ्या नोंदींवर सही तात्यांची. कोणीतरी ओरडले, "तात्या, बाटल्या कुठनं भरल्या?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. "भाऊंना इचारा. त्यास्नी ठावं आसंल."

मी म्हणालो, "मला काही आठवत नाही."

तात्यांचे काम गेले. चहाच्या टपरीवर लोक त्यांच्यापुढे ग्लास धरायचे, "तात्या, चाखून द्या की!" तात्या ग्लास बाजूला सारून निघून जायचे.

नंतर त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यातच ते गेले. नेमके कशाने, ते डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दशक्रियेला श्रद्धांजलीचे भाषण मीच केले. "माणूस आहे, एखादी चूक होते, पण तात्यांचं मन मोठं होतं," असे म्हणालो. तेही माफ करणाऱ्याच्या आवाजात. लोकांनी माझ्या मोठेपणाचे कौतुक केले.

तर त्या बाटल्या माझ्या बोअरवर भरायला मी लावल्या. तात्यांनी मला पहिल्याच दिवशी हटकले होते. माझ्या आठवणीत ग्रामसभेतही खोट नव्हती.

एवढे लिहून परवा त्यांच्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी कागद उघडून वाचू लागलो, तशी त्यांनी मान हलवली.

"मला नगा वाचून दावू, भाऊ. ह्या घरात समद्यांना ठावं हाय. शुक्रवारी ग्रामसभा हाय, तिथं माईकवर वाचा. मी येते ऐकायला."