रुसलेल्यांची जागा

"रुसलेलं कोन हाय, ते आदी सांगा."

लग्नासाठी कार्यालय ठरवायला कोणीही आलं, की आबांचा पहिला प्रश्न हाच. लोक हसायचे. पाहुणे किती, जेवण कसलं, ते सोडून हा म्हातारा भलतंच काय विचारतो! पण थोड्या वेळाने मुलीचा बाप इकडेतिकडे बघत हळूच म्हणायचा, "आमचे सोमाटण्याचे मेव्हणे जरा..."

आबा मान हलवायचे. "आसू द्या. परत्येक घरात एक आसतोय. बसवू त्यास्नी."

कान्ह्याजवळच्या त्या कार्यालयात मी पुऱ्या लाटायला जायचे. कोणाला कुठे बसवायचं ते आबा ठरवायचे आणि तशा खुर्च्या मांडून घ्यायचे. तुम्हीही पाहिलं असेल, लग्नात काय जेवलो ते माणसं विसरतात, पण आपल्याला कुठे बसवलं ते विसरत नाहीत.

आखणी ते आमच्या स्वयंपाकघरात करायचे. फरशीवर मांडी घालून बसायचे. बटाटे म्हणजे मुलाकडचे, कांदे म्हणजे मुलीकडचे. रुसलेल्याच्या जागी सुकी लाल मिरची. तिच्या दोन्ही बाजूंना लांबच्या गावचे पाहुणे. "त्यांना भांडान ठावं नसतंय. दोन गोष्टी चांगल्या बोलत्यात," असं म्हणायचे. एकदा ते चहाला गेले आणि मांडलेलं सगळं आचाऱ्याने उचलून चिरायला दिलं. आबा परत आले ते ओरडतच, "आरं, नवरदेवाचं चुलतं रश्श्यात घातलं व्हय!"

पुढे तळेगावकडचे लोक गोल टेबलं मागायला लागले. मला वाटलं, आबा नाक मुरडतील. ते खूशच झाले. "लय झ्याक! पैला कोन अन् शेवटचा कोन, कळायचंच न्हाई."

मग माझ्याच मुलीचं लग्न ठरलं.

माझा एकुलता भाऊ, दादा, आमच्या घराची पायरी चढत नव्हता. थोरल्या भावजींच्या, म्हणजे आमच्याच घरात राहणाऱ्या माझ्या दिरांच्या मुलाच्या लग्नात माइकवरून नावं पुकारून पाहुण्यांना फेटे बांधले. नावं भावजी सांगत होते. सगळ्या सोयऱ्यांची नावं झाली, दादाचं राहिलं. तो सगळ्यांच्या देखत खुर्चीवरून उठला आणि न जेवता गेला. भावजींनी मुद्दाम केलं नव्हतं. पण जाऊन तसं सांगितलंही नाही. आता नवरीच्या मागे मामाने उभं राहायचं, तर मामा येईल की नाही हेच कळत नव्हतं. मी निरोप पाठवला. उलट निरोप आला, अक्षता टाकून निघेन, जेवणार नाही.

आबांनी मलाही तेच विचारलं. मी डब्यातून एक मिरची काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"कोन गं बाय?"

"माजा दादा."

आबांनी मिरची हातात घेऊन बराच वेळ फिरवली आणि परत डब्यात टाकली. "त्याला खुर्ची न्हाई."

"आबा! आदीच त्यो दुखावलाय."

"खुर्ची दिली तर बसंल. बसला, का उठंल."

लग्नाच्या दिवशी माझं सगळं लक्ष दाराकडे होतं. दादा आला. दारातच थांबून आपल्याला कुठे बसायचं आहे ते बघायला लागला. आबा लंगडत पुढे गेले.

"मामा, बरं झालं आलासा. माजं गुडगं धरल्यात. मुलीकडचं कोन कुटलं, तुमालाच ठावं. बसवा समद्यास्नी."

"मी?"

"मंग काय मी? मामा कुटं बसतो व्हय लग्नात?"

तेवढ्यात आमची म्हातारी आत्या आली. तिला तरी बसवायला हवं, म्हणून त्याने हात धरून पंख्याखाली बसवलं. मग मावशी आल्या, मग मावसभाऊ. बघता बघता बाह्या वर गेल्या. "मावशे, तितं नगं, ऊन येतंय!" त्याचा आवाज मांडवभर ऐकू यायला लागला.

आणि भावजी आले.

दादाने त्यांच्याकडे बघितलं, पुढची एक खुर्ची ओढली आणि म्हणाला, "बसा."

भावजी बसेनात. "तू बस आदी."

"मला कुटं येळ हाय? येवडी मानसं उबी हाईत."

"मंग मी बी उबा ऱ्हातो," भावजी म्हणाले. "सांग, कोनाला कुटं बसवू?"

दादाने तोंड फिरवलं. खाली बघतच म्हणाला, "ते पानी पित्यात त्या वराळ्याच्या पाव्हन्यांना घ्या हिकडं."

मंगलाष्टकांना दादा लेकीच्या मागे उभा होता. दोघे जेवले ते अगदी शेवटी, माझ्यासोबत पुऱ्या लाटणाऱ्या बायकांबरोबर. भावजींनी त्याच्या ताटात पुरी वाढली. ती कोणी लाटली होती कोण जाणे, मला मात्र मीच लाटल्यासारखं वाटलं. आबांना शोधलं तर ते मागच्या ओट्यावर डोळे मिटून पाय चोळत बसले होते. मी ताट नेऊन समोर ठेवलं.

आबा आता कार्यालयात नसतात. चालणं बंद झालं, म्हणून त्यांच्या लेकीने त्यांना वराळ्याला नेलं. परवा दादा सकाळीच आमच्याकडे आला. इंद्रायणी तांदळाची पिशवी मोटरसायकलच्या टाकीवर ठेवली आणि दारातूनच हाक मारली, "भावजी, आबांकडं येताय न्हवं?" भावजी पायात वहाणा घालतच बाहेर आले आणि मागे बसले. मी दारात उभी राहून बघत होते. आमच्या वळणावर मोठा खड्डा आहे. तिथे गाडी उसळली आणि भावजींनी दादाचा खांदा घट्ट धरला. गाडी सपाट रस्त्याला लागली, तरी हात तिथेच होता.