होऊ घातलेला गद्दार

माझ्या साडूइतका इमानी माणूस मुंबईच्या उपनगरांत शोधून सापडायचा नाही, आणि देशाशी गद्दारी करायची संधी मिळावी म्हणून त्याच्याइतकी जिवापाड धडपड केलेला माणूसही सापडायचा नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल आहेत हे वाचणाऱ्याला खटकेल. मलाही पुष्कळ दिवस खटकत होतं. पण साडू हे नातंच असं आहे, की त्यात आपल्याला निवडीला वाव नसतो. बायकोच्या बहिणीने जे पसंत केलं त्याला आपण दिवाळीत आग्रह करकरून श्रीखंड वाढायचं आणि त्याने वाटी पुसूनपुसून खाल्ली की समाधान मानायचं.

हा पूर्वी साकीनाक्याला एका औषध कंपनीत डिस्पॅचला होता. पुढे कंपनी परराज्यात गेली, साडू गेला नाही. गोरेगाव पूर्वेला घर, जवळच शूटिंगचे स्टुडिओ, हातात रिकामा वेळ. एकदा वडापावच्या गाडीवर उभा असताना स्टुडिओला माणसं पुरवणाऱ्या एका कोऑर्डिनेटरने त्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, "अंकल, आपका चेहरा एकदम गव्हर्नमेंट है." त्या दिवसापासून माझा साडू देशाच्या दहशतवादविरोधी खात्यात रुजू झाला. खातं अर्थात एका हिंदी मालिकेतलं. तिच्यात बॉम्ब असतात, हेर असतात, एकमेकांच्या पाठीत डोळे रोवून बसलेले अधिकारी असतात, आणि या सगळ्यांच्या मागे एक ऑफिस असतं. त्या ऑफिसात डावीकडून उजवीकडे फाइल घेऊन जाणारा माणूस म्हणजे माझा साडू. नायक टेबलावर मूठ आपटून "हमारे पास वक्त नहीं है" म्हणतो, तेव्हा मागे ज्याच्याकडे भरपूर वेळ असल्यासारखं दिसतं तोच हा. त्याला बोलायला एकही वाक्य नव्हतं. तरी दर भागाला आम्हाला मुलुंडहून बोलावणं असायचं. आम्ही बसायचो, आणि त्याच्याकडेच राहणाऱ्या आमच्या सासूबाई पडद्याकडे बोट दाखवून आपल्या मालवणीत जाहीर करायच्या, "इलो." क्षणभराने, "गेलो." तेवढ्यासाठी माझी बायको डब्यात खरवस घेऊन जायची.

खात्यात गेल्यापासून त्याच्या अंगात हेर शिरला. उडप्याच्या हॉटेलात तो दाराकडे तोंड करूनच बसे, आणि ती जागा आधीच कुणी पकडलेली असली तर त्या अनोळखी माणसाच्या शेजारी जाऊन बसे. आमच्याकडे आला की आधी सोफा फिरवून ठेवायचा. त्यामुळे टीव्ही पाठीमागे जाई आणि आम्ही सगळे मिळून दाराकडे बघत चहा प्यायचो. सांताक्रूझला एका लग्नाला जाताना, कुणी पाठलाग करत असेल तर त्याची दिशाभूल व्हावी म्हणून, त्याने वाटेत इतक्या रिक्षा बदलल्या की आम्ही पोचलो तेव्हा वधूची पाठवणी चालू होती. माझी बायको रडवेली झाली, तर हा शांतपणे म्हणाला, "पण आपण आलो हे कुणाला कळलं का?" खरंच कळलं नव्हतं. अहेर कुणाच्या हातात द्यावा हेही आम्हाला समजेना. महत्त्वाचं बोलायच्या आधी तो मोबाइल फ्रिजमध्ये ठेवी, म्हणजे पलीकडचे ऐकू शकत नाहीत म्हणे. एकदा सासूबाईंनी त्यावर बांगड्यांच्या कालवणाचं पातेलं ठेवलं. पुढे बरेच दिवस त्याच्याशी बोलून झाल्यावर, का कोण जाणे, माझ्याही फोनला वास आल्यासारखा वाटायचा.

अशात सेटवर कुजबुज सुरू झाली, की खात्यातच कुणीतरी फितूर आहे. तो कोण, हे लेखकाने कुणालाही सांगितलं नव्हतं. ज्याला त्याला आपापल्या वाक्यांपुरती पानं मिळत. साडूला वाक्यं नसल्यामुळे पानंही मिळत नसत, म्हणजे संशयाला जागाच जागा. आणि एके दिवशी दिग्दर्शकाने त्याला सांगितलं, "जाते जाते जरा मुड़ के देखिये." हा फाइल घेऊन निघाला, थांबला, वळला, बघितलं, गेला. दुसऱ्याच दिवशी मुलुंडला माझ्या दारात हजर. आधी सोफा फिरवला, मग माझा फोन फ्रिजमध्ये ठेवला, मग म्हणाला, "दादा, गद्दार मी आहे."

"कशावरून?"

"उगाच कोण कुणाला वळून बघायला सांगत नाही रे. गद्दाराला शेवटी मोठा सीन असतो. सगळे बंदुका रोखून उभे, आणि तो एकटा बोलतो. पाच-पाच मिनिटं बोलतो, यार." हे सांगताना त्याचे डोळे असे चमकले, की मला चेष्टा सुचेना. त्याला देश विकायचा नव्हता. त्याला फक्त एकदा तोंड उघडायचं होतं.

मग तयारी सुरू झाली. आरशासमोर उभा राहून तो उजव्या डोळ्यात देशप्रेम आणि डाव्या डोळ्यात दगाबाजी आणायचा प्रयत्न करी. डॉक्टरांनी त्याला थेंब दिले. गद्दारी मुळात कशी वाटते याचा अनुभव हवा म्हणून शेजारच्या विंगला जाऊन त्याने आपल्या विंगची गुप्त बातमी फोडली, की रविवारी टाकी साफ होणार असल्यामुळे पाणी नाही. ती त्यांच्याही नोटिस बोर्डावर लागलेली होती. त्यांनी त्याला चहा पाजला. घरी त्याची बायको आणि सासू यांच्यात ओट्याच्या लाद्यांवरून मतभेद होते, तेव्हा त्याने दोघींनाही स्वतंत्रपणे "मी तुझ्या बाजूने" असं सांगून दुटप्पीपणाचा श्रीगणेशा केला, आणि चहा गार व्हायच्या आत दोघींसमोर जाऊन कबुली दिली. असल्या माणसाला शत्रूराष्ट्राने कशाला पोसावं?

ही बातमी सासूबाईंपर्यंत पोचली आणि प्रकरण गंभीर झालं. सासूबाई मालवणाकडच्या. सासरे गिरणीत होते. परळची खोली सुटली, सासरे गेले, तरी बाईंचा कणा ताठ. त्यांच्या लेखी टीव्हीवर घडतं ते घडतंच. "माझो जावय देश इकतलो?" त्या म्हणाल्या. "आणि मी गावात खयच्या तोंडान जाव?" आम्ही समजावलं, की हे नाटक आहे. "नाटकात तरी चांगल्या घरचो माणूस असा करता?" 

त्यांनी सरळ गावाला फोन लावला. देवळात गाऱ्हाणं घालणारे गावकर उभे राहिले आणि इकडे गोरेगावला फोन स्पीकरवर ठेवून आम्ही सगळे हात जोडून उभे. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते असं: एकाने देवाला खणखणीत आवाजात सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. "बा देवा म्हाराजा," फोनमधून आवाज आला. "व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. "ही तुझी लेक मुंबैसून तुका हाक मारता हा, म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "तिच्या जावयाच्या वाटेक जी काय गद्दारकी इली आसात, ती हयसून उचल आणि दुसऱ्या खयच्याय वाटेक लाव रे म्हाराजा." आणि सगळ्यांच्या वरताण, छातीच्या खालून, भरघोस आवाज आला, "व्हय म्हाराजा." तो साडूचा होता. साडूही त्याच मुलखातला, शिमग्याला पालखीपुढे लहानपणापासून म्हणत आलेला गळा तो. गाऱ्हाणं कानावर पडलं की होकार निघायचाच. आपण कशाला हो म्हणालो हे त्याला उदबत्तीची राख पडल्यावर कळलं.

"दादा, माझी वाट लागली," गॅलरीत येऊन तो म्हणाला. "मी पण व्हय म्हणालो रे." देवापुढे दिलेला शब्द. त्याने सासूबाईंच्या चोरून गावकरांना फोन केला आणि गाऱ्हाणं मागे घेता येतं का विचारलं. गावकर म्हणाले, "घातलेला गाऱ्हाणा असा काढूक येना नाय. तुमच्या म्हातारेक विचारूक व्हया." मग हा दोन्हीकडून लटकला. सेटवर गेला की गद्दार व्हायचं असायचं, घरी आला की देवाने आपलं ऐकलं का हे सासूबाई विचारायच्या. असली द्विधा त्या मालिकेच्या नायकालाही कधी झेपली नसती.

आणि मग, देवाला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, ती भूमिका खरोखरच त्याला मिळाली. असिस्टंटने पानं हातात दिली. ऑफिसातला तो फाइल घेऊन फिरणारा मुका माणूस, तोच फितूर. सगळे बंदुका रोखून उभे, आणि पाच मिनिटं तो एकटा बोलतो. साडूने चार दिवसांत सगळं पाठ केलं. पाचव्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याने सोफाही फिरवला नाही.

"मी नाही म्हणून आलो," तो म्हणाला.

मी हादरलो. "अरे, वेडा आहेस का? सासूबाईंना समजावलं असतं आपण."

"त्यांना समजलं असतं ना. पण त्यांनी देवाला सांगितलं होतं, दादा. मी टीव्हीवर गद्दार दिसलो असतो, तर या वयात त्यांचा देव खोटा पडला असता." मग तो म्हणाला, "दिग्दर्शक विचारत होता, काय प्रॉब्लेम आहे. मी म्हटलं, सासू. तर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला."

ती वाक्यं भाईंदरच्या एका गृहस्थांना गेली. ते मालिकेतल्या त्याच ऑफिसात झेरॉक्स काढायचे. तो भाग आम्ही रविवारी दुपारी, जेवणं उरकून, गोरेगावला बघितला. फितुराने सगळ्यात आधी कुणाला गोळी घातली असेल, तर माझ्या साडूला. तो फाइलसकट पडला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, मग आम्हा सगळ्यांकडे अभिमानाने बघून म्हणाल्या, "मेलो, पण देशासाठी मेलो. देवान ऐकल्यान." साडूने मान डोलावली. माझी बायको माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना.

मग त्या भाईंदरच्या गृहस्थांचं भाषण सुरू झालं. बरे बोलत होते, पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. पडद्यावर साडू जमिनीवर मरून पडला होता आणि सोफ्यावरच्या साडूचे ओठ हलत होते. आवाज न करता, एकही शब्द न चुकता, तो त्या माणसाच्या बरोबरीने बोलत होता. हे मी बघितलं, आणि माझ्याआधी सासूबाईंनी बघितलं.  त्यांना काय कळलं आणि किती कळलं, ते मी सांगू शकत नाही. त्यांनी रिमोट उचलला, चाचपडत आवाज बंद केला आणि म्हणाल्या, "त्याचा हिंदी माका समजणा नाय. तुमी सांगा, जावयबापू. आपल्या भाषेत."

साडू उठून उभा राहिला. शर्ट नीट केला. कुणाच्याही डोळ्याला डोळा न देता त्याने सुरुवात केली, आणि मग बघता बघता त्याचा आवाज त्या खोलीत मावेना. "इतकी वर्षां मी हय बसलंय," तो म्हणाला. "तुमची कागदां हयसून थय नेलंय. तुमी बोललास, मी ऐकलंय. तुमच्यातल्या एकाक तरी माझा नाव ठावक आसा?"

जावयाला नावाने हाक मारायची आमच्याकडे रीत नाही. लग्नाच्या दिवसापासून सासूबाईंनी त्याला जावयबापूखेरीज काही म्हटलं नव्हतं. त्या दुपारी त्यांनी त्याचं नाव घेतलं, सावकाश, एकेरीत, आई घेते तसं. 

साडू बोलता बोलता वर गेलेला हात तसाच ठेवून उभा राहिला. पुढचं वाक्य तो विसरला होता.