करपा आणि ते चार दिवस

माझ्या हातानं टोमॅटोची झाडं करपतात, असं सासूबाईंनी जाहीर केलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबवलं नाही.

"दिवाळीपासून बघते आहे मी," त्या म्हणाल्या. "तू बाहेरची झालीस की आठ-दहा दिवसांत पानं जळतात. लपूनछपून हात लावतेस तू झाडांना."

हात लावत नव्हते, हीच तर चीड होती. छाणी भागातल्या आमच्या घराच्या अगाशीत, म्हणजे गच्चीवर, मी सिंगतेलाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून नऊ रोपं लावली होती. महिन्यातले ते चार दिवस सोडले तर सगळं माझ्याच हातचं. त्या चार दिवसांत स्वयंपाकघर, देव, लोणच्याची बरणी आणि झाडं मला बंद. जिन्याजवळच्या खोलीत चटई टाकून बसायचं. दिवसा मी शाळेत मुलींना शास्त्र शिकवायचे, ह्याच हातांनी त्यांच्या वह्या तपासायचे, आणि घरी येऊन मुकाट चटईवर बसायचे. घरात वाद नको म्हणून अशी पंधरा वर्षं काढली. त्याची लाज मला आजही वाटते.

रविवारी नवऱ्यानं तोडगा काढला. "अगं, काढून टाकू या झाडं. बाजारात टोमॅटो मिळत नाहीत का?" मकरपुऱ्याच्या कारखान्यात यंत्र बिघडलं तर हा माणूस बिघाड सापडेपर्यंत घरी यायचा नाही. घरातलं काही बिघडलं की मात्र काढून टाकू या.

कदाचित मी ऐकलंही असतं. पण संध्याकाळी लेक माझ्याबरोबर वर आली. बारा वर्षांची पोर, एरवी दिसेल ते पान चुरगाळून वास घेणारी. ती डब्यांपासून हातभर लांब उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे धरून.

"असं काय उभी आहेस गं?"

"आजी म्हणते, माझं सुरू झालं की माझ्या हातानंही जळतील. मी आतापासून सवय करते आहे."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. तशीच खाली गेले आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, संक्रांतीपर्यंत मला वेळ द्या. झाडं सुधारली नाहीत तर मी स्वतः उपटीन. सुधारली तर ह्या घरात कुणी बाजूला बसणार नाही. मी नाही आणि ही पोरगीही नाही."

त्यांना स्वतःच्या म्हणण्याची इतकी खात्री होती की त्या लगेच हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एक रोगट पान वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये घातलं आणि शाळेतून थेट वाडी भागातल्या एका बियाणंवाल्याकडे गेले. पान उलटसुलट करत त्यानं विचारलं, "बेन, नीचेथी सुकाय छे के उपरथी?" खालून, मी म्हटलं. सगळ्यात खालची पानं आधी जातात. मग त्यानं नखानं तपकिरी डाग दाखवला. एकात एक वर्तुळं, भोवती पिवळी कडा. हा करपा, तो म्हणाला, बुरशीचा. मातीत बसलेला असतो, पाण्याबरोबर उडून पानावर चढतो आणि पान रात्रभर ओलं राहिलं की पसरतो. पाणी वरून घालता का?

"मुळीच नाही. सकाळी, बुंध्याशी."

"तो पछी कोई बीजुं नाखतुं हशे," तो म्हणाला. मग दुसरं कुणीतरी घालत असेल.

ते वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आले. दोन दिवसांनी माझी पाळी आली आणि मी मुद्दाम, शेवटचं म्हणून, चटईवर बसले. तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावून सासूबाई तांब्याचा तांब्या घेऊन जिना चढल्या. मी चार पायऱ्या मागे. त्यांनी तुळशीला पाणी घातलं, वरून, बारीक धारेनं, ओठांत नाव घेत. मग टोमॅटोंकडे वळल्या आणि तस्संच पाणी घातलं. प्रत्येक झाडाच्या डोक्यावरून. पानं निथळत होती, डब्यातली माती उडून खालच्या पानांवर बसत होती.

म्हणजे त्यांचं निरीक्षण खरं होतं. माझ्या चार दिवसांनंतरच झाडं करपत होती, कारण ते चार दिवस पाणी त्या घालत होत्या. शास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे कळायला दीड महिना लागला!

"आई, करपा माझ्या हातानं येत नाही," मी पायरीवरूनच म्हणाले. "वरून पाणी घातल्यानं येतो."

त्या दचकल्या. "मी देवाचं नाव घेऊन घालते."

"नावाचा दोष नाही. पान ओलं राहतं, त्याचा आहे."

आणि पायरी ओलांडून मी अगाशीत गेले, पाळीच्या पहिल्याच दिवशी, त्यांच्या देखत. खालची सगळी डागाळलेली पानं कात्रीनं कापली आणि जाळून टाकली. मातीवर शेंगांच्या टरफलांचा थर दिला, माती उडू नये म्हणून. रविवारी बुरशीवर औषध म्हणून प्लास्टिकच्या बादल्यांत मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून एकत्र केले. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहिला. खिळा तांबूस झाला, म्हणजे चुना कमी. आणखी चुना घातला, खिळा स्वच्छ निघाला, तेव्हा गाळून फवारलं. पुढच्या महिन्यातही चारही दिवस पाणी मीच घातलं, सकाळी, बुंध्याशी.

संक्रांतीला वरची पानं हिरवीगार होती आणि टोमॅटोंवर लाली चढली होती. सासूबाई म्हणाल्या, थंडीनं सुधारली असतील. चटई गुंडाळली ती मी त्यांना न विचारता. त्यांनी अगाशीतले टोमॅटो खाणं सोडलं आणि बाजारातून आणवायला लागल्या.

"बाजारातले कुणाच्या हातानं तोडलेत, विचारलंत का?" मी म्हटलं.

होळीच्या आधी लेकीला पाळी आली. शाळेतून रडवेली आली होती. तिला जवळ घेतलं, काय करायचं ते समजावलं, खाऊ घातलं, आणि संध्याकाळी म्हटलं, चल वर. ती आली, पुन्हा तशीच, हात पाठीमागे. मी कात्री पुढे केली. जिन्यात सासूबाई उभ्या होत्या.

"तिच्या हातानं झाड गेलं तर?" त्या म्हणाल्या.

तीन महिने मी त्या झाडांसाठी जिवाचं रान केलं होतं. एकेक पान मला पाठ होतं.

"गेलं तर जाऊ दे, आई," मी म्हणाले. "मी दुसरं लावीन."

लेकीनं एकदा आजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पाठीमागचे हात पुढे आणले आणि कात्री घेतली.