आन्सेल्मचं बटण

आन्सेल्म कुर्तादों चर्चमध्ये ऑर्गनचा भाता सांभाळायचा. सांभाळायचा म्हणजे काय, वाजवणं सुरू होण्याआधी विजेचं बटण दाबायचं आणि संपलं की बंद करायचं. ऐट मात्र अशी, जणू ऑर्गन वाजवतो तोच. आम्ही ओव्हेर्न्य मुलखातली माणसं हात आखडूनच जगतो, पण याची तऱ्हाच न्यारी. शेवटचा सूर लागला रे लागला की हा बटण बंद करी. "भात्यात हवा उरते, तेवढी पुरते," म्हणे. अन् पुरायचीही. पाद्रीबाबा खूश.

मग पॅरिसहून उस्ताद वाल्द्रों आले, आधुनिक फ्रेंच संगीत आमच्या ऑर्गनवर वाजवून त्याची सीडी करायला. कसलं संगीत! तासभर कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटावं. वर सज्जात, ऑर्गनपाशी, त्यांच्या स्वरलिपीची पानं उलटायला मी होते.

आन्सेल्मनं गावभर सांगून ठेवलं, "सीडीवर माझं नाव छापणार आहेत, बघाच!" जन्मात कुठं नाव छापून आलं नव्हतं त्याचं. त्यासाठी जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटचा सूर लागला आणि आन्सेल्मनं सवयीनं बटण बंद केलं. पण हा सूर संपेचना, लिहिलाच होता तसा लांबलचक. भात्यातली हवा सरली आणि अख्खा ऑर्गन म्हाताऱ्या गाईसारखा विव्हळत खाली बसला.

"काय झालं?" उस्ताद ओरडले.

"वीज गेली, उस्ताद! आईशप्पथ!"

माझ्या पानांवरचा विजेचा दिवा लुकलुकलासुद्धा नव्हता. उस्तादांना गाडी गाठायची होती, ते पुन्हा न वाजवता तसेच निघून गेले. आन्सेल्म मात्र पुढं कित्येक दिवस ओदीलच्या कॅफेत बसून विजेच्या तारांना शिव्या घालत होता.

सीडी आली. पानं उलटणारी म्हणून माझं नाव होतं, त्याचं नव्हतं. शिवाय ओदीलनं पॅरिसचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, "शेवटी ऑर्गनचाच प्राण जातो! केवढी धाडसी कल्पना वाल्द्रों यांची!"

आन्सेल्म ताडकन उठला. "त्यांची कसली? बटण मी बंद केलं होतं, मी!"

"चल, हट! वीज गेली म्हणून आईची शपथ कुणी घेतली होती रे?" ओदील म्हणाली. सगळे खो खो हसले.

तो माझ्याकडे वळला, डोळ्यांत पाणी. "नोएमी, तू होतीस ना वर? सांग की यांना, दिवा चालू होता म्हणून."

मी कॉफीचा घोट घेतला. "कसला दिवा? गुडुप अंधार होता."